आधी ‘पानी’ आलं

हे सगळं मी स्वतः टाइप केलं आहे. वेळ लागला. मधेच एखादा शब्द हाताला लागायचा नाही, मग उठून चहा करायचा आणि परत येऊन बसायचं. पण मी सांगितलं आणि नवऱ्याने लिहून घेतलं, असं झालेलं नाही.

ज्यांच्या घरातलं कुणीतरी एकाएकी बोलायचं थांबलं आहे, त्यांच्यासाठी हे आहे. आणि जे थांबले आहेत त्यांच्यासाठीही. तुम्हाला वाचायला जड जात असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. तुम्हाला समजतंय, हे मला माहीत आहे.

श्रीखंडाच्या दिवशी

मी दर्शना. माहेर अर्नाळ्याचं, किल्ल्यासमोरच्या कोळीवाड्यातलं. नवरा महेश विरारच्या फुलपाड्याचा. त्याचे आईवडील साताऱ्याहून येऊन तिथे स्थायिक झाले. कॉलेजात भेटलो, लग्न केलं आणि त्याच्या नोकरीमुळे नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर या गावी जाऊन पोचलो. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारी यंत्रं बनवतात तिथे तो इंजिनियर आहे. मी तिकडची भाषा शिकले आणि एका बालवाडीत लागले.

दिवस मजेत चालले होते. तिकडे धन्यवादाला ‘ताक’ म्हणतात, त्यावर आमची पहिली दोन वर्षं हसण्यात गेली. सुट्टी मिळाली की गाडी काढायची, फेरीबोटीवर चढवायची आणि कुठल्या तरी बेटावर उतरायचं. एकदा पार उत्तरेला लोफोटेनला गेलो. तिथे लाकडी मांडवांवर कॉड मासे टांगून वाळवत ठेवलेले. मी गाडी थांबवायला लावली. महेशने नाक धरलं, मी पोटभर श्वास घेतला. आईला, म्हणजे माझ्या आयला, फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. “एवढे मोठे बोंबील हायत तिकडं?”

आमच्या गावात वीस-बावीस मराठी घरं. पाडवा, गणपती, दिवाळी, सगळं होतं आणि सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे. माझी बडबड प्रसिद्ध. महेश म्हणायचा, दर्शनाला माइकची गरज नाही, माइकलाच दर्शनाची गरज आहे.

त्या पाडव्यालाही मीच उभी होते. हॉलच्या खिडकीत गुढी, स्वयंपाकघरात तिकडच्या घट्ट दह्याचं श्रीखंड. सकाळपासून डोकं जरा जड होतं. मी म्हणाले, “नमस्कार मंडळी. आपल्या सर्वांचं मी चमचा... चमचा करते.”

लोक हसले. मीही हसले. मला ‘स्वागत’ म्हणायचं होतं. पुन्हा सुरुवात केली, तर तोंडातून जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, दर्शनाचं काहीतरी नवीन चाललं आहे. पहिल्या रांगेत एकटा महेश हसत नव्हता. तो उठून माझ्याकडे यायला लागला आणि तेवढ्यात माझ्या उजव्या हातातून माइक निसटला.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. हे माझं नशीब, आणि महेशची अक्कल. आमच्यापैकी कुणी म्हणत होतं की उपास असेल, पित्त असेल, जरा लिंबूपाणी द्या. त्याने कुणाचं ऐकलं नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बिघडलं तर लिंबूपाणी करत बसू नका. एवढं एक माझ्या अनुभवावरून लक्षात ठेवा.

सगळं कळत होतं

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी ती विरघळवली. जीव वाचला, पाय वाचला, हात अर्धा वाचला. वाचा गेली. याला वाचाघात म्हणतात, हे मला खूप नंतर कळलं.

मराठी गेली, इंग्रजी गेली, नॉर्वेजियन गेली. एक हिंदी असती तरी रिक्षावाल्याशी भांडता आलं असतं, तीही गेली. पण कानात शिरलेलं कळत होतं. सगळं नाही, बरंचसं. डॉक्टर महेशला म्हणाले, किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मी तिथेच पडले होते. मलाही ते कळलं.

हॉस्पिटलचे दिवस एकसारखे. सकाळी नर्स पडदा सरकवायची. खाली बंदर दिसायचं, बोटी जायच्या-यायच्या. मग ती विचारायची, कॉफी? मला कॉफी आवडत नाही. मला ‘नको’ म्हणायचं असायचं आणि तोंडातून यायचं ‘या’, म्हणजे तिकडचं ‘हो’. माझा तेवढाच एक आवाज उरला होता, तोही उलटा. त्यामुळे रोज सकाळी ती गोड बाई माझ्यासमोर मोठा मग भरून कॉफी ठेवायची आणि मी ती कडू तोंड करून प्यायचे. आता हसू येतं. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडायचे.

मरणाची भीती वाटली नाही. माणसं माझ्याकडे बघत महेशशी बोलायची, त्याची भीती वाटायची. मी खोलीत असूनही नव्हते.

आणि महेश. दिवसभर माझ्यासमोर हसतमुख. एकदा दार उघडं राहिलं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसून रुमालात तोंड खुपसून रडत होता. मला हाक मारायची होती. तीही येईना. मी डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर वाजवलं. तो धावत आत आला आणि म्हणाला, “काय झालं? दुखतंय? भूक लागलीय? नर्सला बोलवू?” मी फक्त त्याचा हात धरला.

पानी

आय महेशला रोज फोन करून सांगायची, मला तिचं तोंड दाखव. तो टाळत होता. आयला सहन होणार नाही असं त्याला वाटे. शेवटी तिने दम भरला तेव्हा त्याने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला.

माझी आय जन्मभर मासे विकत आली. आता गुडघ्यांमुळे ओली मासळी सोडली, सुकी विकते. ती रडली नाही. तिने मला नीट न्याहाळलं, फोनच्या इतक्या जवळ आली की नुसतं कपाळच दिसायला लागलं, आणि म्हणाली, “ओठ सुकलेत गो तुझे. पानी प्यालीस का?”

मी म्हणाले, “पानी.”

महेशच्या हातातून फोन पडायचा बाकी राहिला. “काय म्हणालीस? परत म्हण.”

“पानी. पानी दे.”

तो पाणी आणायचं सोडून दारात जाऊन ओरडला. नर्स धावत आली, तिला वाटलं परत अटॅक आला. तो तिला मराठीतच सांगत होता, “पानी म्हणाली! पानी!” त्या बाईला बिचारीला एक अक्षर कळलं नाही, पण तिने त्याला मिठी मारली. फोनमधून आय विचारत होती, “आरे, तिला कोनी पानी देनार हाय का नाय?”

मला सांगायला हवं. विरारच्या शाळेत गेले तेव्हा माझ्या ‘पानी’वर वर्ग हसला होता. मग मी ‘ण’ घोटून घोटून पक्का केला. लोण्याचा, पाण्याचा, कोणाचा, सगळे ‘ण’. पुढे त्याच जिभेवर माइक मिळाला. आजारात ते सगळं वरचं वर वाहून गेलं आणि खालून जे वर आलं ते आमच्या घरातलं होतं. पुढचे शब्द आले तेही तसेच: आय, होरी म्हणजे होडी, मीठ, कोन, नाय.

तिकडे माझ्या वाचेसाठी इंगर नावाच्या बाई यायच्या. उंच, शांत. त्या चित्रं दाखवत. एकदा त्यांनी माशाचं चित्र धरलं. नॉर्वेजियनमध्ये ‘फिस्क’ म्हणायचं होतं. मी बराच वेळ चित्राकडे बघितलं. तो कुठलाच मासा नव्हता. तोंड रावसाचं, शेपूट भलतंच. मी विचारलं, “कोनता?”

महेशने भाषांतर केलं. इंगरबाई गोंधळल्या, मग हसत सुटल्या. पुढच्या वेळी त्यांनी आयलाच फोनवर घेतलं. आता आमचा तास असा चालायचा: इंगर नॉर्वेजियनमध्ये सांगणार, महेश मराठीत करणार, आय ते आपल्या बोलीत मला विचारणार, मी उत्तर देणार आणि ते महेशलाच कळायचं नाही. एकदा त्याने विचारलं, “आय, निवटी म्हणजे काय?” “तुमाला बायको देली, निवटी ठाव नाय?” चिखलातला तो बारीक मासा नॉर्वेजियनमध्ये कसा सांगायचा यात त्याची अर्धी संध्याकाळ गेली. मी कित्येक दिवसांनी पोट धरून हसले.

कप फुटला तो दिवस

घरी आल्यावर अडचण निराळीच झाली. मी एक शब्द शोधायला लागले की महेश पुढचे पाच हजर करायचा. “मला...” म्हटलं की “पाणी? बाथरूम? शाल? टीव्ही बंद करू?” प्रेमापोटीच. पण डोक्यात मोठ्या कष्टाने धरलेला शब्द त्या गडबडीत सुटायचा आणि परत सापडायचा नाही.

मी त्याला नुसतं सांगू पाहत होते की खिडकी उघड. त्याने सात गोष्टी सुचवल्या. मी डाव्या हाताने कप उचलला आणि भिंतीवर मारला.

तो काचा गोळा करत खाली बसला. वर न बघता म्हणाला, “तू गप्प झालीस की मला हॉलमधला तो माइक आठवतो गं. वाटतं, परत झालं. म्हणून मीच बोलत सुटतो.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या भीतीत इतकी गुंतले होते की त्याची भीती मला कपाळभर आठ्यांसारखी दिसत होती, वाचता येत नव्हती. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “थांब. तू... थांब. मी... हाय.”

घरातल्यांनो, थांबा. सगळ्यात अवघड काम तेच आहे. महेश पुढे पुढे ओठ दातांत धरून बसायला शिकला.

चहा चालतो का हिला?

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, तेव्हा काही महिने विरारला यायचं ठरलं. मला रजा होती, महेशला तिथून काम करायची मुभा मिळाली.

फुलपाड्याच्या घरी सासूबाईंनी मला तळहातावर ठेवलं. अगदी भरवलंसुद्धा. पण त्या मोठ्याने बोलायच्या, एकेक अक्षर सुटं करून, जणू मी बहिरी झाले आहे. सोसायटीतल्या बायका भेटायला यायच्या. माझ्यासमोर बसून सासूबाईंना विचारायच्या, “कळतं का हो हिला? साखरेचा चहा चालतो का?” मी मनात उत्तर जुळवायचे. ‘चालतो’ हा शब्द तयार होऊन तोंडापाशी यायचा तोवर बाई चप्पल घालून जिना उतरलेल्या असायच्या. एकदा दार लागल्यावर मी मोठ्याने म्हणाले, “चालतो!” सासूबाई दचकल्या. मग आम्ही दोघी हसलो, आणि त्या दिवसापासून त्या माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

तरी त्यांना म्हटलं, मला आयकडे जायचंय. त्यांना जरा लागलं. पण बॅग त्यांनीच भरली.

अर्नाळ्याला आयचं औषध वेगळं. सकाळी पहिलं काम, वेखंड उगाळून माझ्या जिभेला चोळायचं. तिची ठाम समजूत की त्याने वाचा फुटते. असली तिखट, कडवट चव की मी दुसऱ्या दिवशी “नको!” असं खणखणीत म्हणाले. आय जिंकल्यासारखी महेशला म्हणाली, “बघा, फुटली!” महेश चिडला, मग त्यालाही हसू आवरेना.

वाचेच्या तासाला मी वसईतल्या सांडोरला जायचे, फिलोमिना मॅडमकडे. केळीच्या वाडीतलं घर, पुढची खोली त्यांनी दवाखान्यासारखी केलेली. पहिल्याच भेटीत महेश त्यांना संकोचून म्हणाला, “मॅडम, ती प्रमाण मराठी विसरलीय. घरची बोलीच येते. तर आधी शुद्ध...”

“घरची आलीय ना?” मॅडम म्हणाल्या. “मग भांडं रिकामं नाही. आमच्याही घरी वेगळंच बोलतात, चर्चमध्ये मिसा ऐकतो ते वेगळं, शाळेत शिकलो ते वेगळं. येऊ देत जी येते ती. बाकीच्या तिच्या मागून येतील.” मग माझ्याकडे वळून, “गाता येतं?”

मी मान हलवली. बोलताच येत नाही, गाणार काय?

त्यांनी मला लग्नात हळदीला म्हणतात त्यातलं एखादं गाणं आठवायला सांगितलं. हाताने माझ्या हातावर ताल धरला. मी तोंड उघडलं आणि अख्खी ओळ बाहेर आली. अडखळ नाही, शोधाशोध नाही. दुसरी ओळ. तिसरी. आय कोपऱ्यात बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. तेव्हाच ती पहिल्यांदा रडली.

मॅडमनी समजावलं की बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच वाटेने जात नाही. आपण गाण्याच्या वाटेने शब्द आणायचे आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. त्यामुळे कित्येक आठवडे मी घरात गात फिरले. “आऽय, चहाऽ दे.” “महेऽश, बस आलीऽ.” बसमध्ये लोक वळून बघायचे. बघू देत. मला शब्द मिळत होते.

सगळेच दिवस चढते नव्हते. काही दिवशी कालचे शब्दही गायब असायचे. आय वैतागायची, मी वैतागायचे, महेशची तिकडच्या ऑफिसशी मीटिंग चालू असायची आणि त्याच वेळी मी आत पाट आपटायचे. एकदा मॅडमसमोर मी ‘वही’ या शब्दावर अडले आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांनी पुस्तक मिटलं, वाडीतून केळ्यांची फणी आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, “आज सुट्टी. खा.” तो तासही मला औषधासारखा लागू पडला.

मला इचारा

रजा संपत आली. एका रविवारी फुलपाड्याला सगळे जमले: सासूसासरे, महेशचे काका, आम्ही दोघं आणि आय. जेवणं झाली. काका मुद्द्यावर आले.

“महेश, आता तिकडचं आवरून टाक. नोकऱ्या इथेही आहेत. ही पोर परमुलखात दिवसभर एकटी काय करणार? बालवाडीत काय बोलणार? आपली माणसं आहेत, इथेच बरं.”

सासरे म्हणाले, “आम्हालाही तसंच वाटतं.”

मी महेशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “मीही राजीनाम्याचा विचार करतोय, काका.”

हे मला नवीन होतं. दहा वर्षं त्या गावात मी राहिले होते. पावसात सायकल चालवत कामावर गेले होते, भाषा शिकले होते, मुलांची नाकं पुसली होती. तिथली नोकरी माझी होती. तिचं काय करायचं हे इथे बडीशेप खाता खाता ठरत होतं, आणि मी समोरच बसले होते.

मी उभी राहिले. “थांबा.”

सासूबाई उठायला लागल्या. “काय हवं गं? पाणी देऊ?”

“बसा, आई.” मी उजवा हात डाव्या हातात धरला आणि मांडीवर ताल धरतात तसा मनात धरला. “मला इचारा. कोनी... कोनी मला इचारलं? माजं काम हाय तिकडं. माजी पोरं हायत. मी जानार. बोलाया येल. थोडं थोडं येल. नाय आलं तरी... तरी जानार. आनि महेश, तू... माज्यासाठी काय सोडू नको. मला इचारल्याबिगर काय पन... ठरवू नको.”

एवढं लांब मी त्या पाडव्यानंतर पहिल्यांदाच बोलले होते. मधे किती वेळ अडले ते मला कळलं नाही. कुणीही मधे शब्द घातला नाही.

काका महेशकडे वळले. “काय म्हणाली रे ती?”

महेश माझ्याकडे बघत होता. डोळे भरलेले, पण चेहरा असा की मी त्याला लग्नाच्या दिवशीही इतका खुश बघितलेला नाही. तो म्हणाला, “तिलाच विचारा, काका.”

काकांनी घसा खाकरला. माझ्याकडे वळले. खरोखर माझ्याकडे. “काय म्हणालीस, सूनबाई?”

“जानार,” मी म्हणाले.

“सगळं कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “जाणार म्हणते. बरोबरच आहे तिचं.” आणि त्या शिरा करायला आत गेल्या. आय भिंतीला टेकून बसली होती. ती काकांना म्हणाली, “आता हिला गप करून दाखवा.”

परत

आम्ही गेलो. सुरुवातीला मी बालवाडीत अर्धा वेळ जायचे, मुलांबरोबर गाणी म्हणायचे, रंगांची नावं घ्यायचे. खरं सांगायचं तर त्या मुलांबरोबरच मी नॉर्वेजियन दुसऱ्यांदा शिकले. चुकलं की मुलं सरळ सांगतात, दया करत नाहीत. आता पूर्ण वेळ जाते.

सगळं आलेलं नाही. दमले की ‘खुर्ची’ऐवजी ‘टेबल’ म्हणते. फोनवर अनोळखी माणूस घाईत बोलला की त्याला थांबवते, “हळू बोला, मला आजार झाला होता.” बहुतेक लोक थांबतात. ‘ण’ परत आला आहे, पण आयशी बोलताना मी तो घरात शिरू देत नाही. महेशनेही ‘पानी’ उचललं आहे, आणि तो बाजारात ज्या आत्मविश्वासाने चुकीच्या माशाला निवटी म्हणतो ते ऐकण्यासारखं असतं. उन्हाळ्यात आम्ही गाडी घेऊन डोंगरात गेलो, एका लाकडी घरात राहिलो, वाटेत चुकलो. वाट विचारायला गाडीतून मी उतरले.

मागच्या महिन्यात वार्षिक तपासणी होती. डॉक्टर तेच, पहिल्या दिवशीचे. त्यांनी सवयीने महेशकडे बघून विचारलं, “कसं चाललंय?” महेशने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मग मी सांगितलं. औषधांचं सांगितलं, हाताचं सांगितलं, बालवाडीचं, सांडोरच्या मॅडमचं, वेखंडाचं. वेखंडाला नॉर्वेजियन शब्द मला माहीत नव्हता, तर मुळी, उगाळणं, जीभ असं हातवारे करून समजावलं. डॉक्टर आधी लिहून घेत होते, मग पेन ठेवून नुसतेच ऐकत राहिले. पुढच्या पेशंटसाठी नर्सने दोनदा दार उघडून बघितलं. शेवटी त्यांनीच हसत हात पुढे केला. “पुढच्या वर्षी मी तुमच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवीन.”

बाहेर आलो. पार्किंगमध्ये बारीक पाऊस होता. महेशने गाडीचं दार उघडलं आणि छपरावर हात टेकून माझ्याकडे बघत राहिला.

“किती बोललीस गं!”

“अजून संपलं नाही,” मी म्हणाले. “गाडीत बस.”